मात्रा लागू पडली

मागच्या महिन्यात विद्यापीठातली एक मुलगी माझ्याकडे आली. शाहीर भिवा कासाऱ्यांवर प्रबंध लिहिते म्हणाली. पिशवीतून तिने त्यांच्या गाण्यांची जुनी पुस्तिका काढली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "आजी, इथे छपाईची चूक आहे ना? 'बोले'ची मात्रा उडालीय. नुसतं 'बोल' छापलंय."

मी चष्मा लावला, ओळ वाचल्यासारखं केलं आणि म्हटलं, "हो गं बाई. छापखान्यात खिळे कमी पडले असतील."

तिने लगेच ते वहीत टिपून घेतलं. मग म्हणाली, "शाहीर एका मुलाखतीत सांगतात की ही ओळ त्यांना साचेखात्याच्या दारात उभं असताना सुचली." मी उठले आणि तिच्या चहात आणखी एक चमचा साखर घातली. तोंडात काही असलं की माणूस कमी प्रश्न विचारतो.

ती गेली आणि मला मनापासून हसू आलं. चाळीस वर्षं मी शाहिरांची भक्त. त्यांचा एक सोडून प्रत्येक कार्यक्रम पाहिला, प्रत्येक गाणं उतरवून घेतलं, आणि त्यांची सगळ्यात गाजलेली ओळ कुणाची, हे मात्र कुणाला सांगितलं नाही. आता सांगते. ज्यांची अब्रू जायची ते सगळे वर जाऊन बसलेत.

ओळ तुम्हाला ठाऊक असेल. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत लालबाग-परळमध्ये शेंबडी पोरंसुद्धा ती ओरडत फिरायची:

ऐक गं दिल्ली, धाक कुणाचा?
मुंबई मागतो, हक्क घराचा,
गिरणगावचा, बोले हा साचा!

साचा म्हणजे माग. पुस्तकात यंत्रमाग म्हणतात, साहेब लोक लूम म्हणायचे. गिरणीत आम्ही साचाच म्हणायचो. साचा चालवणारा तो साचेवाला आणि हजारभर साचे एका छपराखाली धडधडतात ते साचेखातं. आमचे बाबा, रामू घाडी, साचेवाले. मी मालन, त्याच गिरणीत वाइंडिंगला, सुताच्या बाबिनी भरायला. साचा बोलतो म्हटल्यावर आमच्या अंगावर काटा यायचा तो उगाच नाही.

शाहीर गायला बरे होते असं मी म्हणणार नाही. आवाज फुटलेल्या भोंग्यासारखा, सूर लागला तर लागला. पण डफ कानाशी धरून ते 'ऐक गं' म्हणाले की मैदान गप्प व्हायचं. एकदा त्यांनी कलापथकात खोताच्या वाडीतला एक गिटारवाला आणून उभा केला. पुढच्या रांगेतले ओरडले, "ओ शाहीर, लगीन हाय काय कुणाचं? तुणतुणं कुठाय?" शाहीर म्हणाले, "ज्याला तुणतुणं पाहिजे त्यानं घरी जाऊन बायकोचं ऐकावं." त्यांच्या बायकोने, बकुळावहिनीने, ते वाक्य पुढे आठ दिवस त्यांना परत परत ऐकवलं. गिटार मात्र राहिली. बाबा त्या दिवशी घरी येऊन मला म्हणाले, "तो किरिस्ताव सारखो पोट कित्याक खाजयत होतो?"

कारण बाबांना गिटार ऐकू आली नव्हती. त्यांना काहीच ऐकू यायचं नाही. वीस वर्षं साचेखात्यात काढली की कान जातात, कुणाचे अर्धे, कुणाचे पुरते. बाबांचे पुरते गेले होते, आणि त्याला सात वर्षं झाली होती. साचे ते चालवायचेच. साच्याच्या चौकटीवर तळहात टेकवायचे, जरा थांबायचे, मान हलवून म्हणायचे, "चलता." हाताला जे कळलं ते जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या, कानाला कळायचं नाही. आमची आई, गंगुबाई, म्हणायची, "आधीच माझा एक ऐकूक नाय, आता तर सोयच झाली."

साचेखात्यात ओरडून उपयोग नसतो, म्हणून तिथे सगळेच ओठांवरून बोलणं ओळखतात. बाबा त्यातले उस्ताद. सुट्टीच्या दिवशी गॅलरीत बसून ते समोरच्या चाळीतलं सगळं वाचायचे. शेवंतीच्या मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी जिन्यात काय ठरवलं, ते शेवंतीच्या आधी आमच्या घरात कळलं होतं. हरताळाच्या दिवसांत एकदा नाक्यावर पोलीस उभे होते. शंभर पावलांवरून बाबांनी साहेबाचे ओठ पाहिले आणि पोरांना म्हणाले, "डावीकडसून येतले, चला." पोलीस डावीकडून आले तेव्हा पोरं आमच्या चाळीत चहा पीत होती. असा माणूस शाहिरांच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसायचा आणि डोळ्यांनी गाणी ऐकायचा.

छप्पन्न सालच्या एप्रिलअखेर परळच्या मैदानात शाहिरांनी ते गाणं पहिल्यांदा म्हटलं. मी तापाने घरी पडले होते. बाबा आले ते चप्पल न काढता माझ्या अंथरुणाशी बसले. डोळे भरलेले. "मालन, वही काढ. आज शाहीर काय म्हणालो ठाऊक आसा? गिरणगावचा, बोले हा साचा! साचो बोलता म्हणालो!" मी तापातच वही काढली आणि ओळ लिहिली. चार दिवसांनी कामावर गेले ती वाइंडिंगच्या बायकांना गाणं शिकवलं. बायकांनी ते घरी नेलं, नवऱ्यांना दिलं, नवऱ्यांनी दुसऱ्या गिरण्यांत नेलं. मैदानावरच्या भोंग्यातून कुणाला काय ऐकू आलं होतं देव जाणे. सगळ्यांच्या तोंडी गेलं ते माझ्या वहीतलं. त्या दिवसापासून बाबा चाळीत छाती काढून फिरायला लागले. भेटेल त्याला सांगायचे, "शाहिरान ती ओळ माझ्या साच्यार लिवल्यान." तशी शाहिरांची आणि त्यांची ओळखसुद्धा नव्हती.

मे महिन्यात, ते गाणं दुसऱ्यांदा म्हणायच्या आधीच, शाहिरांना अटक झाली. पोलीस जिना चढताहेत म्हटल्यावर बकुळावहिनीने घाबरून गाण्यांचं सगळं बाड चुलीत घातलं. पोलिसांना नुसता चहा मिळाला. सत्तावीस गाण्यांवर एक आधण उकळलं, असं शाहीर पुढे सांगायचे. तेव्हा मात्र महिनाभर वहिनीशी बोलले नाहीत. तसेही ते तुरुंगातच होते.

सुटले, ऑक्टोबरात नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, आणि लगेच निवडणुकीचे दिवस आले. फणसवाडीतला एक छापखाना पुस्तिका छापायला तयार होता. पण छापायचं काय? कुणीतरी सांगितलं, लालबागला घाडींच्या मुलीकडे वही आहे.

माझं दैवत माझ्या दारात आलं तेव्हा मी बोंबील साफ करत होते. हात पाठीमागे लपवून मी "या" म्हटलं. बाबा तर उभेच राहिले. स्वतःची बसायची पेटी त्यांनी शाहिरांना दिली आणि समोर जमिनीवर बसले, डोळे शाहिरांच्या ओठांवर.

शाहीर पानं उलटत गेले. मध्येच हसायचे, मध्येच मांडीवर ठेका धरायचे. "पोरी, तुझं अक्षर माझ्या गाण्यापेक्षा चांगलं आहे," म्हणाले. मी हवेत. मग ते थांबले.

"हे काय? 'बोले'? मी 'बोले' कधी लिहिलं?"

"तसंच आहे ना? साचा बोलतो..."

"कसला साचा? साचा म्हणजे खरा! गिरणगावचा बोल हा साचा. आमचा शब्द खरा आहे. तू त्याचा लूम केलास होय?"

बाबांचा नेम पहिल्यांदाच चुकला होता. माइकचा दांडा ओठांच्या आड आला असेल, असं मला वाटलं. आणि आता हा माणूस त्यांच्या समोर, दीड हातावर, तोंड उघडून तीच चूक सांगत होता.

मी बोंबलाच्या हातांनी पुढे झाले आणि पाण्याचा तांब्या त्यांच्या तोंडाला लावला. "पाणी घ्या!" शाहिरांना ठसका लागला. ठसका संपताच म्हणाले, "अगं, पण 'बोल'..." मी त्यांच्या खांद्यावरचा पंचा उचलून त्यांचं तोंड पुसायला घेतलं. ते पंचा बाजूला करतात, मी परत लावते. बाबा कौतुकाने बघताहेत, मुलगी शाहिरांची किती सेवा करते. शेवटी मी म्हटलं, "शाहीर, गॅलरीतून आमची गिरणी दिसते, बघता?" आणि दंडाला धरून त्यांना बाहेर नेलं. पाठ दाराकडे करून उभं केलं.

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" ते म्हणाले.

मी सगळं सांगितलं. कान, सात वर्षं, ताप, वही, चाळभर मिरवलेली छाती. "छापा तुम्हाला हवं ते," मी म्हटलं, "बाबांना वाचता येत नाही. पण रविवारच्या सभेत म्हणताना तेवढं 'बोले' म्हणा. ते पहिल्या रांगेत असतील. त्यांना कळलं ना, तर ते परत कुणापुढे तोंड वर करायचे नाहीत."

शाहिरांनी गॅलरीच्या कठड्याला हात टेकले आणि गिरणीकडे पाहिलं. मला वाटलं, पाघळले. पण ते वळले तेव्हा चेहरा कडक होता.

"मालन, मी शाळेत वर्गाबाहेर बसून शिकलो. मास्तर आत बोलायचे, आम्ही दारातून ऐकायचो. आमचा शब्द कुणी खरा धरायचं नाही. गावात साक्ष द्यायला गेलो तरी आमच्यामागे दुसरा साक्षीदार लागायचा. माझा बोल साचा आहे हे दहा हजार लोकांसमोर म्हणायला मला पस्तीस वर्षं लागली. आणि तो शब्द मी लोखंडाला देऊ?"

खरं सांगायचं तर मला लाज वाटली, आणि तरीही मी मनात म्हणत होते, रविवारी पाऊस पडू दे. जानेवारी महिना होता.

त्यांनी आत येऊन खिशातली पेन्सिल काढली, 'बोले'वरची मात्रा खोडली, बाबांना नमस्कार केला आणि वही घेऊन गेले. बाबा दिवसभर शेजाऱ्यांना पेटी दाखवत होते, "हयसर बसलो होतो."

रविवारी मी सरळ कपटावर उतरले. बाबांना सांगितलं, सभा रद्द झाली. त्यांनी चौकापलीकडे बोट दाखवलं. तिथे समोरच्या चाळीतला रघु आपल्या बायकोला सांगत होता, सहा वाजता सभेला निघू. मग मी त्यांची चप्पल तांदळाच्या डब्यात लपवली. बाबा अनवाणी निघाले. आई म्हणाली, "जावंदे गो. माझा ऐकणा नाय, तुझा काय ऐकतलो?" मी मागोमाग धावले.

मैदान फुलून गेलं होतं. व्यासपीठाशेजारी नव्या पुस्तिका विकायला ठेवल्या होत्या. उघडून बघितली, 'बोल' छापलं होतं, काळं ठळक. बाबा पहिल्या रांगेत मांडी घालून बसले. मी त्यांच्या शेजारी.

चार गाणी झाली. मग शाहिरांनी डफ तापवून घेतला, गिटारवाल्याकडे बघून मान हलवली आणि सुरुवात केली, "ऐक गं दिल्ली..." त्यांची नजर खाली आली. बाबा दिसले. अनवाणी पाय, वर उचललेला चेहरा, डोळे नुसते ओठांवर चिकटलेले.

"धाक कुणाचा? मुंबई मागतो, हक्क घराचा..."

आणि शाहिरांनी डफ उचलला तो कानाशी नेला नाही, तोंडासमोर धरला. डफाच्या आडून ते स्वच्छ म्हणाले, "गिरणगावचा बोल हा साचा!" मी कानांनी ऐकलं. बाबांना फक्त कातडं दिसलं.

माझा जीव भांड्यात पडतो आहे तोवर मागून सगळं मैदान उठलं. माझ्या वाइंडिंगच्या बायका, त्यांचे नवरे, त्यांची पोरं, दहा हजार तोंडं एका दमात: "गिरणगावचा, बोले हा साचा!" शाहिरांचा डफ तसाच राहिला. बाबांनी वळून पाहिलं. व्यासपीठाकडे पाठ करून ते त्या सगळ्या तोंडांकडे बघत राहिले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि रडायला लागले. लहान मुलासारखे, पुसायचंही भान नाही.

शाहिरांनी ते पाहिलं. डफ हळूहळू खाली आला. त्यांनी घसा खाकरला, पुढे वाकले आणि उघड्या तोंडाने, गर्दीच्या शब्दांत म्हणाले, "गिरणगावचा, बोले हा साचा!" त्या दिवसापासून त्यांनी ती ओळ कधी दुसऱ्या तऱ्हेने म्हटली नाही. पुढे पुढे तर ती त्यांनाच सुचल्याचं ते शपथेवर सांगायला लागले. चांगल्या माणसाला एवढी थाप माफ असते. ज्याचा शब्द साचा, त्याने दहा हजार लोकांसाठी तो सोडला. मी त्यांची भक्त आहे ती त्या एका ओळीमुळे नाही, त्या खाली आलेल्या डफामुळे आहे.

घरी आल्यावर बाबा जेवायला बसले. मी खूश होते. कुणाला काही कळलं नाही, सगळं कसं निभावलं. बाबांनी भातात कढी कालवली, एक घास घेतला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "शाहिरान डफ तोंडार कित्याक धरल्यान?"

"घाम आला होता."

"डफान घाम पुसतत?"

मी त्यांना आणखी कढी वाढली. ते हसले.

"माका सगळा ठाऊक आसा. तू तेच्या तोंडात तांब्यो कोंबलंस तेच्या आधीपासून. पयल्या दिवशी तेणा 'बोल'च म्हटल्यान. माका चक्क दिसला."

मी हातातला घास ताटात ठेवला. "दिसला? मगे तू माका 'बोले' कित्याक सांगितलंस?"

बाबांनी उष्टा हात ताटावर धरला आणि त्याकडेच बघत बोलले. "सात वरसां मी दोन साचे चलयतंय. तेंचो आवाज माका ऐकाक येणा नाय. त्या दिवशी शाहिराच्या तोंडातसून 'साचा' इलो आणि माका वाटला, मुक्या साच्याक एक मात्रा तर व्हयी. म्हटलंय, बोलांदे मेल्याक."

मग त्यांनी हात धुतला, पंचाला पुसला आणि म्हणाले, "एकदा म्हण बघू." आई हसली, पण तिनेही चुलीवरचं भांडं खाली घेतलं. मी म्हणायला लागले. बाबा माझ्या मागे येऊन बसले, त्यांनी माझ्या पाठीवर तळहात टेकवला आणि डोळे मिटले.

ओळ संपली. ते जरा थांबले, मान हलवली.

"चलता," म्हणाले.